ताडाच्या पंख्यातले भोक

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या प्रयोगशाळेत जे घडले, ते ऐकताना माझ्या अंगावर सर्रकन काटा आला होता. तुम्हीही जरा सावरून बसा.

हे आचार्य काच वितळवत. खिडकीची साधी काच नव्हे हो! काचेच्या रसात ते निओडिमियम नावाच्या एका दुर्मिळ मृदा-मूलद्रव्याची चिमूट मिसळत. अशी काच उन्हात जांभळट दिसते आणि ट्यूबलाइटखाली निळसर. पाहणाऱ्याला वाटावे, कुणी हळूच बदलून ठेवली. तिला दिव्याची ऊर्जा पाजली की ती स्वतःचा उजेड बाहेर टाकते. मात्र तो उजेड अवरक्त असतो, आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

त्यांची शिष्या मृण्मयी अशीच काच घडवू पाहत होती. आधीच्या साऱ्या फसल्या होत्या. उजेड वाढावा म्हणून तिने चिमटीऐवजी मूठभर निओडिमियम घातले, तर दाटीवाटीने बसलेले अणू आपापसातच ऊर्जा वाटून घेत राहिले आणि काच विझली. या खेपेस तिने हात आवरता घेतला होता. हीही फसली तर काम सोडून घरी जायचे, असे तिने ठरवूनच टाकले होते.

भर दुपारी काळे पडदे ओढून तिने यंत्र सुरू केले. दोन आरशांच्या मध्ये त्या काचेची कांडी, पुढे उजेड एका बिंदूत गोळा करणारे भिंग, त्यापुढे उजेड मोजणारे यंत्र. खोलीत नुसती गुणगुण. मोजणीचा काटा शून्यावरून हलेना.

"गेली, हीपण गेली!" ती पुटपुटली. कांडीला तडा गेला असेल का? गडद संरक्षक चष्म्यातून बारीक तडा कसा दिसणार? तिने चष्मा कपाळावर सरकवला, मोजणीयंत्र बाजूला सारले आणि ती भिंगासमोर वाकू लागली.

तेवढ्यात तिच्या चेहऱ्यापुढे ताडाच्या पानाचा पंखा आला. भट्टीच्या उकाड्यामुळे तो आचार्यांच्या हातात सदैव असे. दुसऱ्या हाताने त्यांनी तिला खसकन मागे ओढले.

"अहो सर, हे काय! तिथे काही नाहीये."

"गप्प राहा आणि बघ."

पंखा अर्धवट अंधारात स्थिर धरलेला. मग जळक्या पानाचा वास आला. पंख्यावर एक काळा ठिपका उमटला. ना ज्योत, ना आवाज, ना उजेडाची तिरीप. ठिपक्याची कड लाल झाली, धुराची रेघ निघाली आणि आरपार भोक पडले. पलीकडून कुणी सावकाश बोट खुपसावे, तसे. समोर तर कुणीच नव्हते.

आचार्यांनी यंत्र बंद केले. "आता वाक. मघाशी वाकत होतीस तशी."

ती वाकली. त्यांनी पंखा पुन्हा त्याच जागी धरला. भोक तिच्या उजव्या बुबुळासमोर आले. भोकातून तिला थेट भिंग दिसले.

आचार्य हळू आवाजात म्हणाले, "अगं, झगझगीत उजेड दिसला की पापणी आपोआप मिटते. या उजेडापुढे ती उघडीच राहते. दुखतसुद्धा नाही. तुला दिसले नाही, एवढेच तुला ठाऊक होते. तेवढ्यावर तू 'काही नाही' म्हणून मोकळी झालीस, आणि चष्मा काढलास."

"पण सर, काटा का हलला नाही?"

त्यांनी मोजणीयंत्र उचलून तिच्या हाती दिले. त्याच्या तोंडावरचे काळे, धातूचे झाकण तिने काढलेच नव्हते.

मृण्मयीने झाकण काढले, चष्मा नीट लावला, आचार्यांना त्यांचा चष्मा दिला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. खोली तशीच काळोखी राहिली. काटा मात्र उसळून वर गेला.

तिला रडू कोसळले. चष्म्याआड पाणी साचले, दोन्ही डोळ्यांत.