घनःश्यामपंत आणि कोरा संगणक

भोंगा काही केल्या वाजेना!

म्हणजे राजवाड्यातल्या संगणकावर तो असा वाजे, की सज्ज्यातली कबुतरं पार शेजारच्या राज्यात जाऊन बसत. पण नदीकाठच्या तिन्ही चौक्यांवर, जिथे पूर आला की तो खरोखर वाजायला हवा, तिथे मात्र चिडीचूप. पडद्यावर नुसती लाल अक्षरं: ‘बांधणी फसली’.

हा पूरभोंग्याचा प्रोग्रॅम लिहिला होता घनःश्यामपंतांनी. पंत म्हणजे भद्रसेन राजाचे यंत्रप्रमुख. उपरणं रेशमी, बोलणं त्याहून रेशमी. तिन्ही चौक्यांवरचे संगणक तीन देशांतून आणलेले, तिघांच्या तीन तऱ्हा. म्हणून एकच आयता प्रोग्रॅम सगळीकडे चालत नसे. पंत प्रोग्रॅमच्या मूळ ओळी पाठवत आणि सोबत एका कागदावर ‘बांधणीची कृती’. चौकीदाराने कृती वाचायची आणि आपल्या संगणकाकडून त्या ओळींचा भोंगा बांधून घ्यायचा. कागदावर राजमुद्रा असे, त्यामुळे चौकीदार तो जोडे काढून वाचत, आधी संगणकाला हळदकुंकू वाहत. आणि शंका विचारणं? छे! राजमुद्रेला शंका विचारायची कुणाची छाती होती?

“माझ्याकडे तर चालतं, महाराज,” पंत भर दरबारात म्हणाले. “चौकीदारच अडाणी. त्यातून तो घाटचौकीचा भिवा म्हणजे कळसच!”

राजा पंतांवर खूश आणि स्वभावाने महाहट्टी. त्याने भिवाला बोलावून फर्मावलं, “उद्या सूर्य मावळायच्या आत तिन्ही चौक्यांवर भोंगा वाजला पाहिजे! पंतांच्या ओळींतलं एक अक्षरही बदलायचं नाही. नाही वाजला, तर चौकी सोड, घर सोड आणि राज्यही सोड!”

भिवाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्यामागे त्याची लेक गोजरा उभी होती. घाटावर नावाड्यांना भाकरी-कालवण करून घालणारी ही बाई, पण जीभ तिखट.

“महाराज,” ती पुढे होऊन म्हणाली, “माझा बा हे काम करील. फक्त भांडारातले तीन कोरे, अजून कुणी हात न लावलेले संगणक द्या, प्रत्येक तऱ्हेचा एक. आणि दिवसभरासाठी पंत द्या.”

“पंत? ते कशाला?”

“संगणकापुढे बसायला, महाराज!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार खचाखच भरला. गोजराने पहिला संगणक पुढे केला. “पंत, हा डोंगरचौकीचा, आणि अगदी तुमच्याही तऱ्हेचा बरं का. ही तुमचीच कृती. जेवढं कागदावर आहे तेवढंच करायचं.”

पंत हसले, उपरणं सारखं केलं, बोटं मोडली आणि बसले. दोन पायऱ्या झाल्या, तिसरी झाली, आणि पडद्यावर लाल अक्षरं: ‘बांधणी फसली’!

दरबारात कुणीतरी खोकलं. कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

“अहो, यावर जोडणीची पेटी कुठाय?” पंत वैतागले. “ओळी एकमेकींना जोडणार कशाने?”

“कागदावर कुठे लिहिलंय, पंत?”

“ते काय लिहायचं असतं? ती असतेच!”

“आमच्या आत्याबाईंनीही अनारशांची कृती अशीच सांगितली होती,” गोजरा म्हणाली. “तांदूळ तीन दिवस भिजवायचे, हेच सांगायचं राहिलं. विचारलं तर म्हणाल्या, ते काय सांगायचं असतं! आमचे अनारसे कढईत विरघळले, पंत. बा, लिही रे: जोडणीची पेटी.”

भिवाने कृतीखाली लिहिलं. पेटी आणून बसवली. पंत पुन्हा बसले. पुन्हा लाल!

“आता काय राहिलं?” राजाने विचारलं.

पंतांनी कागद न्याहाळला आणि त्यांचे कान तांबडे झाले. चौथ्या पायरीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘माझ्या खोलीतल्या डाव्या फडताळातून नदीचा नकाशा घेणे.’

“घाटचौकीच्या संगणकाने तुमचं फडताळ कुठे शोधायचं, पंत?” गोजराने विचारलं. “चार दिवस शोधतोय बिचारा!”

आता मात्र दरबार उघड हसला. पंत ‘हे कुठाय, ते कुठाय’ करत राहिले आणि भिवा लिहीत राहिला. पहिल्या संगणकासाठी सात गोष्टी निघाल्या, दुसऱ्यासाठी नऊ, तिसऱ्यासाठी अकरा. शेवटी शेवटी तर पंत स्वतःच ओरडत होते, “भिवा, हेही लिही!” दुपारी तिन्ही भोंगे दरबारात एकदम वाजले आणि प्रधानजी खुर्चीवरून पडले.

नव्या कृती आणि लागेल ते सामान घेऊन तीन घोडेस्वार सुटले. सूर्य डोंगराला टेकायच्या आधीच डोंगरचौकीचा भोंगा ऐकू आला, मग धरणचौकीचा, आणि शेवटी सगळ्यांत मोठ्याने घाटचौकीचा!

राजाने ओळी मागवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. एक काना बदललेला नव्हता.

“भले!” तो म्हणाला. “भिवा, आजपासून तिन्ही चौक्या तुझ्या हाताखाली. आणि पंतांची प्रत्येक कृती आधी गोजरा कोऱ्या संगणकावर करून बघेल.”

“महाराज!” पंत कळवळले. “हिला संगणकातलं ओ की ठो कळत नाही!”

“म्हणूनच तर, पंत!” गोजरा म्हणाली. “मला कळत असतं, तर तुम्ही गाळलेलं मीही मनातल्या मनात भरलं असतं आणि लाल अक्षरं पुन्हा माझ्या बाच्या कपाळी आली असती. तुमची चूक सापडायला माझ्याइतकं अडाणी माणूस सगळ्या राज्यात मिळायचं नाही!”

राजा असा हसला, की मुकुट एका कानावर आला. हसत हसतच त्याने बोटातली राजमुद्रा काढून गोजराच्या हातावर ठेवली आणि पंतांकडे वळून म्हणाला, “पंत, यापुढे शिक्का हवा असेल, तर घाटावर जायचं. आणि जाताना जोडे काढून!”