किटलीचं झाकण

“...मग परक्या माणसानं इथे राहायचं तरी कसं, गुरुजी?”

निनादनं विचारलं आणि हातातली किटली टेबलावर ठेवली. चहा निवू नये म्हणून झाकण नीट दाबून बसवलं.

गोविलकर गुरुजी चीनमधल्या ग्वांगझू शहरात कित्येक वर्षं योग शिकवत होते. रविवारी वर्ग संपला की ते या जुन्या चहाघरात येऊन बसत. आज निनाद त्यांच्यामागोमाग आला होता. तो इचलकरंजीचा, एका यंत्रांच्या कंपनीचा इथला साहेब.

“घरभाडं ऐकलंत तर चक्कर येईल,” तो म्हणाला. “परदेशी लोकांसाठीच बांधलेली इमारत आहे. दारात पहारेकरी.”

“आणि जेवण?”

“घरचंच. पण तूरडाळ विमानानं येते.”

“डाळ विमानानं?” गुरुजी हसले. “मी जहाजानं आलो होतो रे.”

निनादही हसला, मग त्यानं कप बाजूला सरकवला.

“शुक्रवारी लेकीची, शाल्मलीची, फी भरायची आहे. इंग्रजी शाळा आहे. एवढी फी आता झेपत नाही. नाही भरली तर दोघी मायलेकी इचलकरंजीला जातील. मी इथे एकटा.”

“तुमच्या कोपऱ्यावरच्या शाळेत परदेशी मुलं घेतात.”

“तिथे सगळे चिनी बोलतात, गुरुजी!”

“चीनमध्ये?”



गुरुजींनी वाफवलेल्या पावांची टोपली त्याच्याकडे सरकवली. “खा आधी. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

त्यानं एक पाव घेतला. तो हातातच राहिला.

“शाल्मली काय म्हणते?”

“काही नाही. शेजारच्या चाळीत मुलं पिसांचं फूल पायानं उडवत खेळतात. खिडकीतून बघत बसते.”

“खाली जात नाही?”

“भाषा कुठे येते तिला?”

“फूल उडवायला?”

...

“मीच पाठवत नाही,” निनाद हळूच म्हणाला.

त्यानं किटली उचलली. ती रिकामी होती; तळाशी नुसती चहाची पानं. झाकण लावून त्यानं ती परत ठेवली आणि इकडेतिकडे पाहिलं.

एक म्हातारी गरम पाण्याचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरत होती. शेजारच्या टेबलावर थांबली, पाणी ओतलं. यांच्या टेबलाजवळून पुढे निघून गेली.

पुन्हा आली. पुन्हा पुढे गेली.

“बघितलंत?” निनादचा आवाज चढला. “आपल्याला कोणी विचारत नाही. तोंडं बघूनच ठरवतात. थांबा, मी पाण्याची बाटली विकत आणतो.”

गुरुजींचाही कप केव्हाचा कोरडा होता.

त्यांनी हात लांब केला, किटलीचं झाकण उचललं आणि तिच्या तोंडावर तिरकं टेकवून ठेवलं.

म्हातारी लांबूनच वळली. किटली काठोकाठ भरली. गुरुजींनी दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून तिचे आभार मानले. ती हसली, निनादकडे बघून काहीतरी बोलली आणि गेली.

“काय म्हणाली?”

“पोरगं वाळलंय, म्हणाली. अजून पाव मागव.”

निनाद किटलीकडे बघत राहिला.

“आणि या पाण्याचे किती?”

“काही नाही.”

“मग मघाशी का नाही दिलं?”

“झाकण लावलेलं होतं. तिला वाटलं, तुझं भागलंय.”

...

निनादच्या हातातला पाव निवून गेला होता. त्यानं तो खाल्ला.

“गुरुजी... मग शुक्रवारी काय करू? पाठवू दोघींना?”

गुरुजींनी त्याच्या कपात चहा ओतला. मग स्वतःच्या.

“पुढच्या रविवारी शाल्मलीला घेऊन ये,” ते म्हणाले. “किटली तिच्याकडे देऊ. झाकण तिला उघडू दे.”