जड तेल आणि टिकलीएवढा थेंब

फार पूर्वी एका तेलविहिरीवर हे घडलं. तेव्हा थंडी होती की नाही, हे म्हाताऱ्या पंपाला आता खात्रीने सांगता येत नाही. जड, काळं तेल नळीत अडलं होतं आणि पंप जोर वाढवतच होता.

“काका, बस करा, माझा सांधा सुटेल,” नळी कण्हली.

“तेल पोचलं नाही, तर मला भंगारात काढतील.”

नळीच्या तोंडाशी लटकलेला रसायनाचा एक थेंब म्हणाला, “मला आत सोडा.”

“मी थकलो, तू काय ढकलणार, टिकलीएवढा?”

“ढकलायचं नाहीच. तुम्ही जरा थांबा.”

नळीला तडा जाऊ लागला, तेव्हा घाबरून पंप थांबला. थेंब आत शिरला आणि आधी साचलेल्या दाबानेच तेल सरकलं.

थेंबाने तेल पातळ केलं, असंच पंप समजत होता. बऱ्याच वर्षांनी त्याने नळीला विचारलं, तेव्हा खरं कळलं: तेल शेवटपर्यंत तितकंच जड होतं; फक्त नळीच्या आतल्या भिंतीवरची त्याची पकड सुटली होती.