कळसदर्शनाची बोट

माणसाने हौसेसाठी पैसे साठवावेत आणि जगाने नेमकं तेव्हाच उलथावं! मिरजेच्या आवटीकाकूंनी मैत्रिणींसोबत भिशीच्या पैशांतून परदेशातली बोटीची सहल ठरवली. त्यासाठी साठीत पोहायलाही शिकल्या. आणि निघायच्या तोंडावर वाटेतल्या एका देशात सरकार कोसळलं, इकडे रुपयाही घसरला.

सहल कंपनीचे मालक बाणावलीकर यांनी सगळ्या प्रवाशांना हॉलमध्ये बोलावलं. चहा पाजून म्हणाले, "त्या बंदरात आता उतरता येणार नाही. बोट लांबूनच शहर दाखवील. त्याचे पैसे परत मिळणार नाहीत. उलट डॉलर महागलाय, तेव्हा माणशी वीस हजार जादा भरा."

"न उतरता वर जादा पैसे?" काकूंची मैत्रीण कळवळली.

बाणावलीकर साहेब गोड हसले. "अहो, आपल्यात गाभाऱ्यात जाता आलं नाही, तरी कळसाचं दर्शन पुरतं ना?"

आवटीकाकू उठल्या. जागेवरूनच साहेबांना मनोभावे हात जोडून पुन्हा बसल्या.

"अहो, पैसे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, कळसाला रस्त्यावरूनच हात जोडतात. दानपेटी आत गाभाऱ्यापाशी असते."

हॉलभर हशा पिकला. जादा पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही. साहेबांनी दुसरा चहा मागवला.