शेपटातला वारा

"उस्ताद, आज तरी इंजिन चालू करू देणार, का नुसतंच बघत बसू?"

रेवती भोयर कॉकपिटच्या दारात फणफणत उभी. विमानदुरुस्तीच्या परीक्षेत पहिली आलेली शिकाऊ पोरगी! नागपूरचं भर वैशाखातलं ऊन, आणि दुरुस्तीहून आलेलं रिकामं विमान आतून तव्यासारखं तापलेलं.

मुनीर उस्तादांनी डावी खुर्ची दाखवली. "बस."

बसली कसली, उडीच मारली.

"मोठं इंजिन फिरतं कशानं?"

"इतकंच? शेपटात छोटं इंजिन आहे, ते वारा दाबून पाठवतं. आत गारवा त्याच्यावर, मोठं इंजिनही त्याच्यावरच फिरतं. वेग आला की इंधन सोडायचं."

"पाठ आहे."

"पाठ नाही, कळलंय मला!"



तिनं शेपटातलं इंजिन सुरू केलं. घूंऽऽऽ! लगेच गारव्याचं बटण दाबलं. गार झोत तोंडावर आला. "हाय! आता जिवात जीव आला." आणि दोनपैकी पहिल्या मोठ्या इंजिनाचं बटण फिरवलं.

वेगाचा काटा हलला. दहा... पंधरा... तिथंच अडला.

"चल की मेल्या!"

काटा ढिम्म. तिचा हात इंधनाच्या दांडीकडे गेला. एकदा पेटलं की वेग घेईल आपोआप!

उस्तादांनी मनगट पकडलं. "वेगाआधी इंधन? इंजिन जाळशील."

"मग काय करू? शेपटातलं मरतुकडं आहे, वाराच देत नाही!"

"देतंय."

"कुठं देतंय?"

उस्तादांनी खिशातून रुमाल काढला. तिच्या तोंडासमोर, गार झोतात धरला.

रुमाल फडफडत राहिला...

रेवतीचे कान लाल झाले. सगळं थांबवलं. गारव्याचं बटण बंद केलं. क्षणात घामाच्या धारा. मग पुन्हा सुरुवात.

पंधरा... वीस... पंचवीस! इंधन!

इंजिन असं गरजलं की खुर्ची थरारली. रेवती त्याच्याहून मोठ्यानं ओरडली.

"उस्ताद! पेटलं! मी पेटवलं! आता एकटीला करू द्याल ना? बोला ना!"

उस्ताद उठले. दारापाशी जाऊन तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"अहो, असं काय करता? बरं, गारवा तरी लावू? जीव चाललाय माझा!"

"दुसरं इंजिन अजून झोपलंय, पोरी."