राजाचे बोट आणि पट्टेरी भोपळा

एका राज्यात राजवाड्याच्या मुदपाकखान्यावर भोपळ्याचा एक वेल चढलेला होता. बियाणे राजा सोमकेतूच्या खापरपणजोबांच्याही आधीचे. हिरव्या अंगावर पांढरे पट्टे, साल ढालीसारखी. शिंकाळ्यात टांगलेला भोपळा हिवाळा सरला तरी टिके, आणि कापला की आतून उगवतीचा रंग निघे.

एकदा पंगत बसली असता कालभृंग नावाचा मांत्रिक दारी आला.

"राजा, तुझ्या घारग्यांचा वास वेशीपर्यंत आला. दोन वाढ."

राजाने बोटाने दार दाखवले.

"बोट छान आहे," मांत्रिक म्हणाला. "असेच ताठ राहू दे. ज्याला दाखवील ते सुकेल. रोज थोडे तुझ्या छातीकडे सरकेल, आणि तिथे पोचले की तूही सुकशील."

तसेच झाले. बोट छातीकडे सरके, राजा जोर करून ते बाहेर लोटी. लोटले की समोरचे काहीतरी सुके. आधी वेल बियांसकट सुकला, मग मधमाश्यांचे पोळे, मग तळे. लोहारांनी, वैद्यांनी प्रयत्न केले, बोट वाकेना.

राजकन्या कर्दळी दूरदेशीचे शिक्षण संपवून परतली, तेव्हा राजा तिच्याकडे पाठ करून बसला. तिला जवळ घेण्याची त्याला भीती वाटे.

कुंपणावरचा भारद्वाज पक्षी तिला म्हणाला, "कन्ये, तीन कामे आहेत. वेलाचे हरवलेले बी शापित खजिन्याच्या गुहेतून आण. फुलांचे लग्न लाव. ज्याला हाकलले त्याला जेवू घाल."

"आणि बोट?"

"ते राजाचे काम. तुझे नव्हे."

कर्दळी त्या गुहेत गेली. खजिना राखणाऱ्या नागाने दोन हंडे दाखवले. "एकात सोने, एकात राख. एकच ने."

बी राखेत ठेवले की कीड लागत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने राखेचा हंडा उचलला.

"सोने नेणारे सगळे इथेच दगड होऊन पडलेत," नाग म्हणाला. "तू शहाणी दिसतेस. जा."

राखेत सात बिया निघाल्या. तिने आळे केले, शेणखत घातले, विहिरीचे पाणी स्वतः शेंदले. वेल छपरावर चढला, सोन्याच्या तुताऱ्यांसारखी फुले आली. पण मधमाश्या नव्हत्या. भल्या पहाटे तिने नर फूल तोडले, पाकळ्या सोलल्या, आणि त्यातले पराग मादी फुलाला लावले. भारद्वाजाने मंगलाष्टके म्हटली. आवाज फार चांगला नव्हता.

एके सकाळी ती धावत आली. "बाबा, फळ धरले. लिंबाएवढे आहे, पण पट्टे आत्ताच दिसतात."

राजाला राहवेना. तो परसात आला. पानाआड ते इवलेसे फळ पाहताच सवयीने त्याचा हात उठला, बोट फळाकडे निघाले.

"बाबा, बोट," कर्दळी कुजबुजली.

हात मागे येईना. उरली एकच दिशा, जिची त्याला इतके दिवस धास्ती होती. सोमकेतूने डोळे मिटले आणि बोट स्वतःच्या छातीकडे वळवले.

कट्‌ असा आवाज झाला. बोट मधोमध मुडपले.

राजाने डोळे उघडले. फळ हिरवेगार होते, आणि तोही सुकला नव्हता.

पुढे भोपळा पिकला. राजाने तो स्वतः चिरला, किसून गुळात शिजवला, कणीक भिजवून घारगे तळले. पहिला फार जाड झाला. वास वेशीपर्यंत गेला आणि कालभृंग दारात उभा राहिला.

"या, बसा," राजा म्हणाला, आणि त्याने पाची बोटांनी वाढले.

मांत्रिकाने जाड घारगा खाल्ला, मग पातळ. "गूळ बेताचा आहे. अजून एक वाढ."

त्याने हात धुतला तसे तळे भरले, पोळे गुणगुणू लागले. राजाने लेकीला जवळ घेतले आणि त्या भोपळ्याच्या बिया राखेत घालून घरोघर वाटल्या.

आज त्या राज्यातले प्रत्येक छप्पर पट्टेरी भोपळ्यांनी शोभते. कोवळे फळ दाखवायचे तर तिथे कोणी बोट ताठ करत नाही, मुडपून दाखवतात. मुडपले की बोटाचे टोक आपल्याचकडे वळते.