सखाहरी आणि मैदानातला धोका

कुसवली नावाच्या गावात सखाहरी नावाचा एक शिपाई होता. शाळेची घंटा वाजवायची, वर्ग झाडायचे, पाणी भरायचं, एवढं त्याचं काम. माणूस सरळ, अंगानं धिप्पाड आणि भोळा तर असा की सांगायची सोय नाही. एकदा बायकोनं तव्यावर भाकरी टाकली आणि म्हणाली, "भाकरी फुगली की मला हाक मारा." ती गोठ्यात गेली. भाकरी फुगली नाही, जळली. घरभर धूर झाला. बायको धावत आली तर सखाहरी चुलीपुढं शांत बसलेला.

"अहो, हाक नाही का मारायची?"

"फुगलीच नाही," सखाहरी म्हणाला. "मग हाक कशी मारू?"

बायकोला त्याची सवय होती. शाळेतल्या वाळुंज गुरुजींना अजून व्हायची होती. ते नुकतेच बदली होऊन हेडमास्तर म्हणून आले होते.

एके दिवशी लंगडी खेळताना अधिक नावाच्या पोराचं कोपर खरचटलं. आता कोपर कुणाचं खरचटत नाही? पण अधिकची आई मैनाबाई शाळा समितीची अध्यक्ष होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेत हजर झाली.

"गुरुजी," ती म्हणाली, "मी पोराला शाळेत शिकायला धाडते, सोलून घ्यायला नाही."

गुरुजींना घाम फुटला. मैनाबाई गेल्यावर त्यांनी सखाहरीला बोलावलं. "आजपासून मधल्या सुट्टीत तू मैदानावर उभं राहायचं. एकही पोर पडता कामा नये. कळलं?"

"कळलं."

सखाहरीला पोरं फार आवडायची. पोरांचं भलं करायचं काम आपल्याला मिळालं म्हणून तो खूश झाला. मैदानावर जाऊन त्यानं विचार केला. पळणारं पोर पडतं. उभं पोरही धक्का लागला की पडतं. बसलेलं पोर कलंडतं. पण झोपलेलं पोर कधी पडलेलं कुणी पाहिलंय का?

त्यानं सगळी पोरं मैदानात ओळीनं आडवी केली. "हलायचं नाही," म्हणाला.

तेवढ्यात रस्त्यानं दूधवाला चालला होता. मैदानात सगळी शाळा आडवी पडलेली बघून त्याची सायकल घसरली. तो तसाच गावात ओरडत गेला, "खिचडीतून विषबाधा झाली, पोरं गेली." गाव पळत आलं. कुणी ताक आणलं, कुणी मिठाचं पाणी. मैनाबाई अनवाणी धावत आली आणि अधिकला उचलून गदागदा हलवायला लागली.

"काय झालं रे तुला?"

"काही नाही. आम्ही खेळतोय."

"काय खेळताय?"

"न पडायचं."

गाव निघून गेल्यावर गुरुजींनी सखाहरीला ऑफिसात घेतलं. "अरे, पोरांना खेळू द्यायचं असतं. फक्त जमीन तेवढी मऊ कर. म्हणजे पडलं तरी लागणार नाही."

"मऊ करायची," सखाहरी म्हणाला. "हे आधी सांगायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आत शाळेत आला. त्यानं टाकीचा पाइप लावला आणि मैदानात पाणी सोडलं. मधल्या सुट्टीपर्यंत जमीन अशी मऊ झाली की गुडघ्यापर्यंत पाय आत जाईल. पोरं बाहेर आली, चिखल बघितला आणि आनंदानं आत पडली. पडायची, उठायची, मुद्दाम पडायची. कुणालाही लागलं नाही. कडेला उभ्या सखाहरीचा ऊर भरून आला.

संध्याकाळी मात्र घोटाळा झाला. पोरं घरी निघाली ती सगळी एकाच रंगाची. मैनाबाईनं फाटकातून आपलं पोर ओढलं, घरी नेलं, बंबातलं गरम पाणी काढून घासूनपुसून स्वच्छ केलं. तेव्हा कळलं, ते तिचं नव्हतंच. कुंभाराचं होतं. अधिक तिकडं कुंभाराच्या घरी बसून पिठलं-भाकरी खात होता. कुंभारीण म्हणाली, "मला वाटलंच. आमचा पिठलं मागून घेत नाही."

गुरुजींनी पुन्हा ऑफिसात बोलावलं. "सखाहरी, चिखल नको. पोरं कोरडी राहिली पाहिजेत. ओलं पोर दिसलं की पहिलं पुसायचं."

"पुसायचं," सखाहरी म्हणाला. "हे आधी सांगायला पाहिजे होतं."

त्या शनिवारी शेजारच्या आडगावच्या शाळेबरोबर धावण्याची शर्यत होती. कुसवलीची सगळी भिस्त कावेरीवर. कावेरी पाचवीत होती आणि धावायला लागली की तिच्या वेण्या आडव्या व्हायच्या. शिट्टी झाली. कावेरी सुटली ती सगळ्यांच्या पुढं. अर्ध्या वाटेवर तिच्या कपाळावर घाम चमकला.

सखाहरीनं पाहिलं. पोर ओलं झालं होतं.

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तो मैदानात उतरला. कावेरी पळतेय, सखाहरी बाजूनं पळतोय. एका हातानं तिचं कपाळ पुसतोय, मग मान पुसतोय.

"सखाकाका, डोळ्यावरचा टॉवेल काढा," कावेरी म्हणाली.

"घाबरू नको पोरी, थोडंच राहिलंय."

कावेरीला काही दिसेना. ती वळली आणि थेट प्रेक्षकांत शिरली. सखाहरी मात्र वेगात होता. त्याला थांबता आलं नाही. छातीनं फीत तोडून तो पहिला आला. फितीजवळ आडगावचे मास्तर होते. त्यांना जवळचं नीट दिसत नसे. त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "नाव?"

"सखाहरी."

"इयत्ता?"

"चौथी नापास," सखाहरीनं खरं ते सांगितलं.

गुरुजींचा चेहरा त्या दिवशी लाल झाला होता. "पळणाऱ्याच्या अंगाला हात लावायचा नसतो रे. त्याला वाट द्यायची. समोर कुणी असेल तर बाजूला करायचं."

"वाट द्यायची," सखाहरी म्हणाला. "हे आधी सांगायला पाहिजे होतं."

पुढच्या शनिवारी पुन्हा आडगाव. आता कबड्डी. आडगावचा पोरगा चढाईला आला, दोघांना शिवला आणि परत पळाला. अधिक त्याचा पाय धरायला झेपावला. पळणारं पोर बघितलं मात्र, सखाहरी आत घुसला. त्यानं अधिकला बखोटीला धरून बाजूला केलं, दुसऱ्याला काखेत घेतलं, तिसऱ्याला उचलून बाहेर ठेवलं.

"वाट द्या, वाट द्या. हात लावू नका. पळतंय ते पोर."

प्रत्येक चढाईला हेच. आडगावची पोरं यायची, शिवायची आणि रमतगमत परत जायची. शेवटी शेवटी तर ती चालतच जायला लागली. सामना संपल्यावर आडगावच्या सगळ्या संघानं सखाहरीला वाकून नमस्कार केला. अधिक मात्र कोपऱ्यात रडत बसला होता. सखाहरीला ते बघवलं नाही. त्यानं खिशातले शेंगदाणे त्याच्यापुढं केले. अधिकनं घेतले आणि रडत रडतच खाल्ले.

सखाहरी स्वतःच गुरुजींकडं गेला. "काय चुकलं?"

गुरुजी छताकडं बघत म्हणाले, "तो रेषेकडं पळत होता ना? त्याला धरायचं होतं. घट्ट धरायचं. काही झालं तरी रेषेपलीकडं जाऊ द्यायचं नाही."

"धरायचं," सखाहरी म्हणाला. "हे आधी—"

"जा," गुरुजी म्हणाले.

मग लिंबू-चमच्याची शर्यत आली. लहान वर्गाची पोरं तोंडात चमचा, चमच्यात लिंबू घेऊन, डोळे तिरळे करून रेषेकडं निघाली. रेषेवर सखाहरी पाय रोवून उभा. पहिलं पोर आलं, त्यानं ते धरलं. दुसरं आलं, तेही धरलं. एकेकाला काखेत, मांडीत, पाठीवर असं धरून ठेवलं. एकही पोर रेषेपलीकडं गेलं नाही. शर्यत सुरू झाली, पण संपलीच नाही. पोरांच्या तोंडात चमचे असल्यामुळं कुणाला तक्रारही करता येईना.

मैनाबाई हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "गुरुजी, आता वार्षिक खेळांचं मैदान आलंय. तालुक्याहून साहेब येणार आहेत. त्या दिवशी पोराला काही झालं तर मी गप्प बसणार नाही."

गुरुजींनी सखाहरीला झाडाखाली नेलं. त्यांचा आवाज थकला होता. "सखाहरी, एकदा शेवटचं सांगतो. आता चुकलास तर मला दुसरा शिपाई बघावा लागेल."

सखाहरी घाबरला. ही शाळा, ही घंटा, ही पोरं सोडून तो जाणार कुठं? त्यानं कान टवकारले.

"उद्या तू काही धरू नकोस, पुसू नकोस, भिजवू नकोस. मैदानात पोरांना ज्याचा धोका आहे ते सगळं सामानाच्या खोलीत टाक आणि कुलूप लाव. मग कुणी कितीही ओरडलं तरी मैदान संपेपर्यंत बाहेर काही येऊ द्यायचं नाही."

गुरुजींच्या मनात बॅट, चेंडू, भाले, दोर असलं काहीतरी होतं. सखाहरीनं डोकं खाजवलं. "पण धोका ओळखायचा कसा?"

"ज्याच्यामुळं पोरं घाबरतात, रडतात, तो धोका. एवढंही कळत नसेल तर पोरांनाच विचार."

ही शेवटची संधी होती. सखाहरीला चूक करून चालणार नव्हतं. म्हणून मैदानाच्या दिवशी सकाळी त्यानं खरंच पोरांना विचारलं. पोरं त्याच्याभोवती गोळा झाली.

"चेंडूची भीती वाटते का रे?"

"नाही."

"दोराची? झोपाळ्याची? त्या चिंचेच्या झाडाची?"

"नाही."

"मग कशाची वाटते?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. अधिक हळूच म्हणाला, "मला आईची वाटते. मी पळायला लागलो की ती लांबून ओरडते, अरे पडशील. मग मी तिच्याकडं बघतो आणि पडतो."

"आणि गुरुजींच्या शिट्टीची," कावेरी म्हणाली. "ती वाजली की वाटतं, आता शिक्षाच होणार. परवा त्यांनी मला जोरात पळते म्हणून कोपऱ्यात उभं केलं. मी रडले."

बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या. सखाहरीनं दोघांची नावं मनात घोळवली. एवढं सोपं काम त्याला आजवर कुणी दिलं नव्हतं.

गुरुजी आणि मैनाबाई मांडवापाशी उभे होते. सखाहरी अदबीनं जवळ गेला.

"गुरुजी, धोका खोलीत टाकायचाय. जरा आत येता का? मैनावहिनी, तुम्ही पण या. तुमच्याशिवाय व्हायचं नाही."

"बघा," गुरुजी मैनाबाईला म्हणाले, "शेवटी सुधारला." दोघं कौतुकानं आत गेली. सखाहरीनं दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि दारात स्टूल टाकून बसला.

आतून आधी खाकरल्याचा आवाज आला. मग दारावर थाप.

"सखाहरी, दार लागलंय चुकून."

"चुकून नाही गुरुजी. मी लावलंय."

"उघड मग."

"नाही उघडता येत. कुणी कितीही ओरडलं तरी बाहेर काही येऊ द्यायचं नाही, असा गुरुजींचा हुकूम आहे."

"अरे, मीच गुरुजी आहे."

"तुमचाच हुकूम आहे," सखाहरी म्हणाला. "म्हणून तर पाळतोय."

आत मैनाबाई गुरुजींना बरंच काही बोलली. ते इथं सांगण्यासारखं नाही.

इकडं तालुक्याचे साहेब आले. स्वागताला कुणी नव्हतं, भाषणाला कुणी नव्हतं, म्हणून पोरांनी खेळायलाच सुरुवात केली. आधी दबकत. कुणी अडवत नाही म्हटल्यावर मोकळी. कावेरी धावली आणि या वेळी तिच्या डोळ्यांवर काही नव्हतं. रेषेपाशी ती पालथी पडली, उठली, तळहातावरची माती फुंकली आणि "पहिली आले ना?" असं विचारत सुटली. अधिकनं कबड्डीत एका दांडग्या पोराचा घोटा धरला तो सोडलाच नाही. दोघं फरफटत गेले. अधिकचा गुडघा फुटला, चड्डीला भोक पडलं आणि त्यानं आयुष्यातली पहिली पकड केली. सगळी शाळा त्याच्या अंगावर पडली. दुरून बघताना सखाहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही. आज काही पुसायचं नव्हतं.

बक्षिसं वाटून झाली तरी पोरं मैदान सोडेनात. साहेबांना नवल वाटलं. ते सखाहरीपाशी आले.

"इतक्या शाळा पाहिल्या. पोरं अशी बिनधास्त खेळताना पाहिली नाहीत. केलंत काय तुम्ही?"

"धोका काढला, साहेब. खोलीत ठेवलाय."

"कसला धोका?"

तेवढ्यात आतून गुरुजींचा घोगरा आवाज आला आणि त्याच्यामागून मैनाबाईचा. साहेबांनी दाराला कान लावला. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या कानशिलाची शीर ताठ झाली.

"अहो, माणसं कोंडलीत तुम्ही? हेडमास्तरांना? उघडा ते दार," साहेब कडाडले. आवाज सगळ्या मैदानावर घुमला.

बाजूला पहिलीतली एक चिमुरडी उभी होती. ती एवढ्या मोठ्या आवाजानं दचकली. तिचा ओठ थरथरला आणि तिनं भोकाड पसरलं.

सखाहरीनं रडणाऱ्या पोरीकडं पाहिलं. मग साहेबांकडं पाहिलं. मग तो उठला, कनवटीची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि धिप्पाड अंगानं दार अडवून उभा राहिला.

"साहेब," तो अदबीनं म्हणाला, "जरा आत येता का?"